खनिज वाहकांवरील प्रथिनांचे अधिशोषण

खनिज वाहकांवरील प्रथिनांचे अधिशोषण म्हणजे शरीराला अपाय न करणाऱ्या, अर्थात जैवसुसंगत खनिजांच्या सूक्ष्म कणांवर प्रथिनांचे रेणू चिकटून राहण्याची क्रिया होय. या क्रियेला पृष्ठशोषण असेही म्हणतात. तिचा सर्वांत मोठा व्यावहारिक उपयोग लसींमध्ये होतो. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, हिपॅटायटिस-बी, न्यूमोकोकस इत्यादी रोगांवरील अनेक लसींतील प्रतिजन ॲल्युमिनियमच्या क्षारांच्या कणांवर बसवलेले असतात. अस्थिरोपण, औषधवहन आणि प्रथिनांचे शुद्धीकरण यांतही हीच क्रिया वापरली जाते.

प्रथिन खनिजावर किती प्रमाणात आणि किती घट्ट बसेल, हे प्रामुख्याने पृष्ठभागाच्या रसायनावर ठरते. पृष्ठभागावरील विद्युतभार, तेथील हायड्रॉक्सिल व फॉस्फेट गट, द्रावणाचा सामू आणि द्रावणातील इतर आयन हे त्यातील मुख्य घटक होत. बंधन फार सैल असल्यास प्रथिन कणावर राहत नाही. फार घट्ट असल्यास काही प्रसंगी लसीचा प्रभाव उणावतो. त्यामुळे लसीची रचना करताना योग्य बळकटीचे बंधन साधावे लागते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) पाण्यातील फ्लोराइड काढण्यासाठी विकसित केलेले नालगोंडा तंत्रही ॲल्युमिनियमच्या अशाच पृष्ठभागाच्या रसायनावर आधारलेले आहे.

संज्ञा

एखादा पदार्थ दुसऱ्या पदार्थाच्या आत शिरून सामावला गेला तर त्यास शोषण म्हणतात. तो केवळ पृष्ठभागावर साचून राहिला तर त्यास अधिशोषण म्हणतात. ज्या घन पदार्थावर रेणू साचतात तो अधिशोषक, आणि साचणारा पदार्थ अधिशोष्य होय. चिकटलेले रेणू पुन्हा द्रावणात सुटण्याच्या क्रियेस विशोषण म्हणतात. लसशास्त्रात प्रतिजनाबरोबर देऊन प्रतिकारक प्रतिसाद वाढवणाऱ्या द्रव्यास सहायक द्रव्य किंवा ॲडजुव्हंट अशी संज्ञा आहे. ॲल्युमिनियमचे क्षार एकाच वेळी वाहकही असतात आणि सहायक द्रव्यही.

इतिहास

इ.स. १९२६ मध्ये अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन येथे असे दाखवून दिले की, घटसर्पाचे टॉक्सॉइड (निर्विष केलेले जीवविष) तुरटीने साक्याच्या रूपात खाली बसवून टोचल्यास नुसत्या टॉक्सॉइडपेक्षा अधिक प्रतिपिंडे तयार होतात. मात्र द्रावणात तुरटी घालून साका पाडण्याच्या रीतीत प्रत्येक वेळचा साका सारखा येत नसे. म्हणून पुढे ॲल्युमिनियमचा जेल आधी तयार करून त्यावर शुद्ध प्रतिजन बसवण्याची पद्धत रूढ झाली. आजच्या बहुतेक ॲल्युमिनियमयुक्त लसी याच पद्धतीने बनतात.

प्रतिजन कणांवर साठून राहतो व हळूहळू सुटतो, म्हणून प्रतिसाद वाढतो, असे स्पष्टीकरण ग्लेनी यांनी पुढे दिले. हे स्पष्टीकरण अनेक दशके प्रमाण मानले गेले. इ.स. १९९०च्या दशकापासून अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात स्टॅन्ली हेम, जो व्हाइट व इतरांनी या पृष्ठभागांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि हा विषय अनुभवाच्या पातळीवरून भाकीत करण्याच्या पातळीवर आला.

प्रमुख खनिज वाहक

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. लसींमध्ये या नावाने ओळखला जाणारा पदार्थ रासायनिकदृष्ट्या ॲल्युमिनियम ऑक्सिहायड्रॉक्साइड असतो. त्याची रचना बोहमाइट या खनिजाची, परंतु अर्धवट स्फटिकी असते. बोहमाइट हा बॉक्साइट या ॲल्युमिनियमच्या धातुकातील एक घटक आहे. लसीतील प्राथमिक कण तंतूसारखे आणि अवघ्या काही नॅनोमीटर आकाराचे असतात. ते एकत्र येऊन १ ते १० मायक्रोमीटरचे सैल पुंजके बनवतात. कण इतके लहान असल्यामुळे एका ग्रॅमला सुमारे ५०० चौरस मीटर एवढा पृष्ठभाग उपलब्ध होतो.

ॲल्युमिनियम फॉस्फेट. हा प्रत्यक्षात अस्फटिकी ॲल्युमिनियम हायड्रॉक्सिफॉस्फेट असतो. त्यातील काही हायड्रॉक्सिल गटांची जागा फॉस्फेटने घेतलेली असते. फॉस्फेट व ॲल्युमिनियम यांचे प्रमाण ठरलेले नसून ते निर्मितीच्या वेळच्या परिस्थितीनुसार बदलते व त्यानुसार पृष्ठभागाचा भारही बदलतो.

हायड्रॉक्सीॲपेटाइट. हा कॅल्शियम व फॉस्फेट यांचा क्षार हाडे व दातांचा मुख्य खनिज घटक आहे. त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रकारच्या जागा असतात. कॅल्शियमच्या धनभारित जागांवर आम्लधर्मी प्रथिनांचे कार्बॉक्सिल गट बसतात. फॉस्फेटच्या ऋणभारित जागांकडे अल्कधर्मी प्रथिनांचे अमिनो गट ओढले जातात. या दुहेरी स्वभावामुळे १९५० च्या दशकापासून हायड्रॉक्सीॲपेटाइटचा उपयोग प्रथिने वेगळी करण्यासाठी होत आला आहे.

सिलिका. सिलिकाच्या पृष्ठभागावरील सिलॅनॉल गट उदासीन सामूला प्रोटॉन सोडतात, त्यामुळे तेथे ऋणभार असतो. लायसोझाइमसारखी अल्कधर्मी प्रथिने त्यावर सहज बसतात.

बंधनाच्या यंत्रणा

विद्युत आकर्षण

प्रत्येक खनिज पृष्ठभागाचा एक विशिष्ट सामू असा असतो की, त्यावर पृष्ठभागाचा एकूण भार शून्य होतो. त्यास शून्यभार बिंदू म्हणतात. द्रावणाचा सामू या बिंदूपेक्षा कमी असेल तर पृष्ठभाग धनभारित, आणि जास्त असेल तर ऋणभारित होतो. प्रथिनांच्या बाबतीत अशाच सामूस समविद्युत बिंदू म्हणतात.

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा शून्यभार बिंदू सुमारे ११.४ आहे, म्हणून शरीरातील ७.४ या सामूला तो धनभारित असतो. लसींतील ॲल्युमिनियम फॉस्फेटचा शून्यभार बिंदू सामान्यतः ५ च्या आसपास असल्याने तो त्याच सामूला ऋणभारित असतो. अल्ब्युमिनचा समविद्युत बिंदू ५ पेक्षा थोडा कमी आणि लायसोझाइमचा सुमारे ११ आहे. त्यामुळे उदासीन द्रावणात ऋणभारित अल्ब्युमिन हायड्रॉक्साइडवर चांगले बसते, फॉस्फेटवर बसत नाही. धनभारित लायसोझाइमचे नेमके उलट होते. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी १९९१ मध्ये हा नियम मांडला. प्रतिजनाचा समविद्युत बिंदू माहीत असल्यास त्यासाठी कोणता वाहक निवडावा, याचा पहिला अंदाज या नियमावरून बांधता येतो.

विद्युत आकर्षणाने झालेले बंधन मिठाच्या प्रमाणास संवेदनशील असते. द्रावणात सोडियम क्लोराइड वाढवल्यास त्याचे आयन प्रथिन व पृष्ठभाग यांच्यातील आकर्षण झाकून टाकतात आणि अधिशोषण घटते. प्रयोगशाळेत बंधनाचा प्रकार ओळखण्यासाठी याच गुणाचा उपयोग करतात: मीठ वाढवल्यावर प्रथिन सुटले तर बंधन मुख्यतः विद्युत स्वरूपाचे होते, असा निष्कर्ष काढला जातो.

लिगंड विनिमय

ॲल्युमिनियमच्या अणूशी जोडलेला हायड्रॉक्सिल गट बाजूला सारून त्या जागी दुसरा गट थेट ॲल्युमिनियमशी जोडला जातो, या क्रियेस लिगंड विनिमय म्हणतात. ॲल्युमिनियमला फॉस्फेटची विशेष ओढ असते. म्हणून ज्या प्रथिनांवर फॉस्फेट गट असतात, ती ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडला अत्यंत घट्ट चिकटतात. हे बंधन मिठाने सुटत नाही, आणि प्रथिन व पृष्ठभाग यांचे भार सारखे असले तरी ते घडू शकते.

हिपॅटायटिस-बीच्या लसीतील पृष्ठप्रतिजन हे याचे ठळक उदाहरण आहे. हा प्रतिजन प्रथिन व मेद यांचा मिळून झालेला कण असून त्यात फॉस्फोलिपिडे असतात. त्यांचे फॉस्फेट गट ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागावर लिगंड विनिमयाने बसतात. लस टोचल्यानंतर ऊतकद्रवातही हा प्रतिजन सहजासहजी सुटत नाही.

या यंत्रणेमुळेच निर्मात्याच्या हाती एक साधन येते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर आधीच थोडे फॉस्फेट बसवले तर विनिमयाच्या जागा कमी होतात, पृष्ठभागाचा शून्यभार बिंदू खाली येतो आणि पुढे बसणाऱ्या प्रतिजनाचे बंधन हवे तेवढे सैल करता येते. याच कारणाने लसीसाठी फॉस्फेटयुक्त बफर निवडताना काळजी घ्यावी लागते. बफरमधील फॉस्फेट प्रतिजनाच्याच जागा अडवू शकते.

जलविरोधी आंतरक्रिया आणि इतर बले

प्रथिनाचे जलविरोधी भाग पाण्यापासून दूर राहण्यासाठी पृष्ठभागाच्या जवळ येतात. हायड्रोजन बंध आणि व्हॅन डर वाल्स बलेही बंधनास हातभार लावतात. पाण्याने वेढलेल्या ॲल्युमिनियम क्षारांवर ही बले एकंदरीत दुय्यम असतात.

प्रथिनांमधील स्पर्धा

रक्तद्रव किंवा ऊतकद्रवात एकाच वेळी अनेक प्रथिने असतात. आधी मुबलक व चपळ प्रथिने पृष्ठभाग व्यापतात आणि नंतर अधिक ओढ असलेली प्रथिने त्यांना हटवून त्यांची जागा घेतात. लिओ व्ह्रोमन यांच्या नावावरून यास व्ह्रोमन परिणाम म्हणतात. लस टोचल्यानंतर अनेक प्रतिजन काही तासांतच कणांवरून सुटतात, त्यामागे ही स्पर्धा हे एक कारण आहे.

नालगोंडा तंत्राशी साम्य

नागपूर येथे १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेचे १९७४ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे नामकरण झाले. या संस्थेने पिण्याच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड काढण्यासाठी विकसित केलेली पद्धत नालगोंडा तंत्र या नावाने ओळखली जाते. आजच्या तेलंगणातील नालगोंडा जिल्ह्यात फ्लोराइडमुळे दात व हाडांचे विकार मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने हे नाव पडले. विदर्भातील यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतही भूजलातील फ्लोराइड हा आरोग्याचा प्रश्न आहे. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत इष्ट असते. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते.

नालगोंडा तंत्रात पाण्यात तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर घालून ते ढवळतात. तुरटीपासून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके तयार होतात, त्यांवर फ्लोराइड बसते आणि पुंजके तळाशी बसल्यावर वरचे पाणी गाळून घेतात. येथेही फ्लोराइडचे आयन ॲल्युमिनियमशी जोडलेल्या हायड्रॉक्सिल गटांची जागा घेतात. म्हणजे ज्या विनिमयाने हिपॅटायटिस-बीचा प्रतिजन लसीतील कणाला चिकटतो, त्याच प्रकारचा विनिमय पाण्यातील फ्लोराइड पकडतो. फ्लोराइड व फॉस्फेट या दोहोंनाही ॲल्युमिनियमची ओढ असल्याने ते त्याच जागांसाठी स्पर्धा करतात.

या दोन उपयोगांतील फरकही लक्षणीय आहे. पाणीशुद्धीकरणात आयन शक्य तितका घट्ट पकडला जाणे इष्ट असते, कारण पुंजके नंतर टाकून दिले जातात. लसीत मात्र कण शरीरात जातात व प्रतिजन पेशींच्या हाती लागावा लागतो. म्हणून तेथे बंधनाच्या बळकटीला मर्यादा असते.

बंधनाची बळकटी आणि प्रतिकारक प्रतिसाद

प्रतिजन जितका घट्ट बसेल तितकी लस चांगली, अशी समजूत पूर्वी होती. पुढील संशोधनाने ती बदलली. हिपॅटायटिस-बीचा प्रतिजन फॉस्फेटच्या वेगवेगळ्या मात्रांनी संस्कारित केलेल्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर बसवून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदरांना टोचण्यात आला. ज्या नमुन्यांत बंधन सैल होते त्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक आढळले. फार घट्ट बसलेला प्रतिजन पेशीला कणापासून सोडवून त्याचे तुकडे करून सादर करणे कठीण जाते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. तथापि हा नियम सर्व प्रतिजनांना सरसकट लागू होत नाही; प्रत्येक लसीसाठी बंधनाची योग्य मर्यादा स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

कण शरीरात कायम राहत नाहीत. ऊतकद्रवातील सायट्रेटसारखे आम्लांचे आयन ॲल्युमिनियमला धरून कण हळूहळू विरघळवतात. सशांवरील १९९७ च्या एका अभ्यासात ॲल्युमिनियमचे किरणोत्सारी समस्थानिक वापरून असे आढळले की, स्नायूत टोचल्यानंतर २८ दिवसांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडमधील सुमारे १७ टक्के, तर ॲल्युमिनियम फॉस्फेटमधील सुमारे ५१ टक्के ॲल्युमिनियम रक्तात शोषले गेले. अस्फटिकी रचनेमुळे फॉस्फेट लवकर विरघळते.

पृष्ठभागावरील प्रथिनाची स्थिरता

पृष्ठभागावर बसलेल्या प्रथिनाची घडी थोडीफार सैल होऊ शकते. अनेक प्रथिने ॲल्युमिनियम क्षारांवर बसल्यावर द्रावणातल्यापेक्षा कमी तापमानाला विघटित होतात. धनभारित हायड्रॉक्साइडच्या कणाभोवती हायड्रॉक्सिल आयन ओढले जातात, त्यामुळे कणालगतचा सामू द्रावणाच्या सामूपेक्षा सुमारे दोन एककांनी अधिक असतो. द्रावणाचा सामू योग्य असूनही प्रतिजनाचा नाश होत असेल, तर या सूक्ष्मपरिसराचा विचार करावा लागतो. येथेही फॉस्फेटचा पूर्वसंस्कार उपयोगी पडतो.

वाहकही बदलत असतो. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड दीर्घकाळ साठवल्यास किंवा उच्च दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्यास त्याचे स्फटिकीकरण वाढते आणि अधिशोषणक्षमता घटते. म्हणून जेलचे वय व निर्जंतुकीकरणाची रीत या गोष्टी निर्मात्याला काटेकोरपणे सांभाळाव्या लागतात.

गोठण्याचा परिणाम आणि शीतसाखळी

ॲल्युमिनियमयुक्त लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. त्या गोठल्यास कायमच्या निकामी होऊ शकतात. पाण्याचा बर्फ होऊ लागला की स्फटिक वाढताना कणांना उरलेल्या थोड्या द्रवात ढकलतात. एरवी समान भारामुळे दूर राहणारे कण तेथे एकमेकांवर दाबले जाऊन घट्ट गठ्ठे बनतात. बर्फ वितळल्यावर हे गठ्ठे सुटत नाहीत. पृष्ठभाग आत दबला जातो, प्रतिजनाची रचना बिघडते व लसीची परिणामकारकता कमी होते. हिपॅटायटिस-बीची लस शून्याखाली अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठू शकते.

नागपूर व विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा हवामानात लस उष्णतेपासून वाचवण्याकडे स्वाभाविकपणे लक्ष दिले जाते. परंतु थेट शीतपेटीतून काढलेले, कडक गोठलेले आइसपॅक लसवाहक डब्यात ठेवल्यास याच लसी गोठण्याचा धोका असतो. यासाठी आइसपॅक काही वेळ बाहेर ठेवून, हलवल्यावर आतल्या पाण्याचा आवाज येऊ लागल्यानंतरच वापरावेत, अशी पद्धत सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात शिकवली जाते. आइसलाइन्ड रेफ्रिजरेटरच्या तळाशी तापमान सर्वांत कमी असल्याने पेंटाव्हॅलंट, त्रिगुणी (डीपीटी), धनुर्वात-घटसर्प व हिपॅटायटिस-बी या लसी तळाशी ठेवत नाहीत.

कुपीवरील व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर हे चिन्ह उष्णतेने रंग बदलते. गोठण्याची नोंद त्यात होत नाही. त्यामुळे चिन्ह निर्दोष दिसत असतानाही लस निकामी झालेली असू शकते. शंका आल्यास हलवून पाहण्याची चाचणी, म्हणजेच शेक टेस्ट, करतात. त्याच निर्मात्याची व त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवून वितळवतात. ही कुपी व संशयित कुपी एकत्र हलवून सपाट जागी शेजारी ठेवतात आणि सुमारे अर्धा तास निरीक्षण करतात. संशयित कुपीतील साका गोठवलेल्या कुपीइतक्याच किंवा त्याहून अधिक वेगाने खाली बसला, तर लस गोठली होती असे समजून ती वापरत नाहीत. न गोठलेल्या लसीतील सैल पुंजके सावकाश बसतात, तर गोठून झालेले जड गठ्ठे झरझर खाली जातात, या फरकावर ही चाचणी उभी आहे.

बालकाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बीची, सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंटची आणि पुढे त्रिगुणीच्या वर्धक मात्रा दिल्या जातात. निकामी झालेली लस टोचल्यास बालकाची नोंद लसीकृत अशी होते, पण संरक्षण अपुरे राहते.

महाराष्ट्रातील उपयोग

पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही संस्था त्रिगुणी, पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी इत्यादी ॲल्युमिनियमयुक्त लसी मोठ्या प्रमाणावर बनवते. तिच्या न्यूमोसिल या न्यूमोकोकसवरील लसीत जिवाणूच्या दहा प्रकारांची शर्करा वाहक प्रथिनाशी जोडलेली असून ती ॲल्युमिनियम फॉस्फेटवर बसवलेली असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी सर्व्हाव्हॅक ही लसही ॲल्युमिनियमयुक्त असून तिला २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या कोरोना विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन ही लस तयार केली. तिच्यातील ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या जेलवर इमिडॅझोक्विनोलिन वर्गातील एक लहान रेणू रासायनिक अधिशोषणाने बसवलेला आहे. हा रेणू प्रतिकारक पेशींना उद्दीपित करतो. खनिजाचा पृष्ठभाग प्रतिजनाबरोबर उद्दीपक रेणूही वाहून नेऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

बॉक्साइट, ॲल्युमिना व ॲल्युमिनियम यांवर संशोधन करणारे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास व अभिकल्प केंद्र नागपूरजवळ वाडी येथे आहे. त्याचे कार्य मुख्यतः धातुउद्योगाशी संबंधित आहे.

मापन

अधिशोषण मोजण्याची नेहमीची रीत सोपी आहे. ठरावीक प्रमाणात प्रथिन व वाहक मिसळून मिश्रण समतोलास येऊ देतात, अपकेंद्रित्राने कण खाली बसवतात आणि वरच्या द्रवात उरलेले प्रथिन मोजतात. घातलेल्या प्रथिनातून ते वजा केले की कणांवर बसलेले प्रथिन मिळते. स्थिर तापमानात वेगवेगळ्या संहतींसाठी हे मापन करून समतापी वक्र काढतात. लँगम्युअर यांच्या सूत्राला हा वक्र जुळवल्यास दोन स्थिरांक मिळतात: एक पृष्ठभाग पूर्ण व्यापला जाण्याइतक्या प्रथिनाचे प्रमाण, म्हणजे अधिशोषणक्षमता, दुसरा बंधनाच्या बळकटीचा निर्देशक. लँगम्युअर यांचे सूत्र उलटसुलट घडणारे, एकथरी बंधन गृहीत धरते. प्रथिने आकाराने मोठी असून अनेक जागी चिकटतात, म्हणून हे स्थिरांक तुलनेसाठी उपयुक्त असले तरी ते शब्दशः घेऊ नयेत.

कणांचा पृष्ठभार झीटा विभवाच्या मापनाने आणि पृष्ठभागावरील रासायनिक गट अवरक्त वर्णपटाने तपासतात. लसीच्या प्रत्येक बॅचमध्ये ॲल्युमिनियमचे प्रमाणही तपासले जाते. भारतात एका मात्रेत ते १.२५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा आहे.

हेही पहा

लस
प्रतिपिंड
सामू
तुरटी
बॉक्साइट
फ्लोरोसिस
सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम
राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था